मांजर नको, फोटो बघा: पाळीव प्राण्याच्या कॅन्डिड कृष्णधवल फोटोवर कामाचा अभिप्राय कसा मिळवावा

घरच्या बोक्याचा फोटो पुढे केला की समोरचा माणूस बोका बघतो. "अगं बाई, किती गोड!" हे बोक्याचं कौतुक, फोटोबद्दल त्यात अवाक्षर नसतं. फोटो काढणाऱ्यालाही त्या क्षणी तेवढंच हवं असतं, कारण त्याचाही जीव बोक्यातच अडकलेला असतो. सहा महिन्यांनी तोच फोटो पुन्हा उघडला की कोपऱ्यातला पंख्याचा रेग्युलेटर दिसतो, डोळ्यात फोकस नसल्याचं दिसतं, आणि तेव्हा हे कोणीच कसं बोललं नाही याचं नवल वाटतं. बोललं नाही, कारण कोणाला विचारलंच नव्हतं. "कसा वाटला?" याला विचारणं म्हणत नाहीत.

पुढचं सगळं एकाच फोटोवर बोलू, म्हणजे हवेत बोलणं व्हायचं नाही. समजा फोटो असा आहे: दुपारी चारची तिरपी उन्हं दारातून आत आलेली, खाली लाल कोबा. तांबडा बोका डावीकडे तोंड करून उंबरा ओलांडतोय. पुढचा एक पंजा हवेत, कान ताठ पुढे, नजर चौकटीबाहेरच्या कशावर तरी. मागे उजव्या कोपऱ्यात स्टीलची कळशी आणि तिच्यावर उन्हाची एक तिरीप. शेपूट उजव्या कडेला अर्धी कापली गेलेली. ५० मिमी लेन्स, एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तेवढं तोंड मोठं), शटर १/२५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग), आयएसओ ८०० (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), अंतर दीड मीटर. कोणी हाक मारलेली नाही, खाऊ दाखवलेला नाही, म्हणून कॅन्डिड.

दाखवण्याआधी आपलं आपण

बघणाऱ्याचा उत्साह पहिल्या दोन वाक्यांत खर्च होतो. ती दोन वाक्यं जर "हललाय" आणि "काळा आलाय" यांतच गेली, तर खरं कामाचं ते बोलतच नाहीत. म्हणून जे आपल्या डोळ्यांना दिसू शकतं ते आधी निस्तरायचं.

फोटो १०० टक्क्यांवर मोठा करा आणि प्राण्याचा कॅमेऱ्याकडचा डोळा बघा. डोळ्याभोवतीचे केस सुटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर का, हे फोटोच सांगतो. जमीन, भिंत, प्राणी सगळं एकाच दिशेला फराटल्यासारखं असेल तर तुमचा हात हलला. जमीन स्वच्छ आणि फक्त प्राणी पुसट असेल तर शटर कमी पडलं: सावकाश चालणाऱ्या मांजराला १/२५० पुरतं, शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला १/५०० लागतं, अंगणात सुसाट धावणाऱ्याला १/१००० किंवा त्याहून जास्त. आणि प्राण्याच्या पुढची किंवा मागची फरशी खणखणीत असेल तर फोकस चुकला.

फोकस चुकण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे नाक. ५० मिमी लेन्स एफ १.८ वर उघडून, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्याने एक मीटरवरून फोटो काढला तर नीट फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते. लॅब्रॅडॉरच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्याच्या तिप्पट तरी भरतं. ऑटोफोकस पुढे असलेल्या ओल्या, चकाकत्या नाकावर जाऊन बसतो आणि डोळे धुक्यात. तेच एफ ५.६ केलं की साडेआठ सेंटिमीटर मिळतात. असा हुकलेला फोटो नंतर शार्पनिंग करून सुधारत नाही. उलट मिशांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कडा उमटतात आणि फर काथ्यासारखी दिसू लागते. तो बाजूला ठेवा आणि दुसरी फ्रेम निवडा.

फ्लॅश वापरला असेल तर डोळे तपासा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. थेट फ्लॅशमध्ये तो हिरवा-पिवळा चमकतो. फोटो कृष्णधवल केला की ही भानगड मिटेल, असा पुष्कळांचा समज आहे. मिटत नाही. रंग जातो आणि बाहुलीच्या जागी पांढरी चकती उरते, चार आण्याच्या नाण्यासारखी. बाहुली गडद भरून वर एक बारीक उजेडाचा ठिपका राखला तर वेळ निभावते, पण पुढच्या वेळी फ्लॅश न वापरणं हाच खरा उपाय. प्राणीही दचकत नाही.

घरात ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी असेल तर एक लपलेला दोष असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५०० वर नेलं की फोटोत आडवे-उभे फिकट-गडद पट्टे येतात. रंगीत फोटोत त्यांना पिवळट-हिरवट झाक असते, म्हणून ते ओळखता येतात. कृष्णधवलमध्ये ते नुसते राखाडी डाग होतात आणि बघणारा "जरा मळकट वाटतोय" एवढंच म्हणतो. शटर १/१०० केलं तर पट्टे जातात, पण मग हलणारं जनावर पुसट होतं. दिव्याशी भांडण्यापेक्षा खिडकीचा उजेड गाठावा.

उजेड मोजण्यातला घोळ काळ्या आणि पांढऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ठरलेला. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणू बघतं. त्यामुळे चौकट भरून बसलेला काळा कुत्रा राखी येतो आणि पांढरं मांजर मळकं. काळ्याला एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड), पांढऱ्याला एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट). एडिटिंगमध्ये आकडे बघून खात्री करा: ० (पूर्ण काळं) ते २५५ (पूर्ण पांढरं) च्या मापात काळ्या फरचा सावलीतला भाग १५ ते ३० च्या दरम्यान असेल तर केस दिसतात, ५ च्या खाली गेला की नुसता डांबराचा गोळा. पांढरी फर २४५ च्या वर गेली की तिथे कागद कोरा राहतो.

रंग काढताना बोका जमिनीत विरतो

आपल्या उदाहरणातला खरा धोका इथे आहे. रंगीत फोटोत तांबडा बोका आणि लाल कोबा वेगळे दिसतात, कारण डोळा रंगावरून फरक करतो. रंग काढला की फक्त उजळपणा उरतो, आणि बोक्याची सावलीतली बाजू व कोबा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच. पोट आणि मागचे पाय जमिनीत विरघळतात. गावठी कुत्रा आणि मातीचं अंगण, पोपट आणि कढीपत्त्याचं झाड, इथेही हेच होतं.

म्हणून सॅचुरेशन (रंगांचा भडकपणा) शून्यावर ओढून कृष्णधवल करू नये. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये आठ रंगांचे वेगवेगळे स्लायडर असतात, गिंपमध्ये मोनो मिक्सर आहे, फोनवरच्या स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटखाली रंगीत फिल्टर आहेत. या फोटोत लाल स्लायडर २५ ते ३० ने खाली आणि नारिंगी १५ ते २० ने वर घेतला की कोबा गडद होतो, बोका उजळतो आणि पायांची कड परत येते. यापलीकडे ताणलं तर जिथे दोन रंग भेटतात तिथे किनार फाटते, कणीदार दिसते. मिशांजवळ आधी कळतं. स्नॅपसीडमध्ये हिरवं फिल्टर लावून बघा: कोबा बराच काळवंडतो, बोका त्या मानाने कमी.

हे सगळं करायला मूळ रंग शिल्लक पाहिजेत. कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. पडद्यावर फोटो कृष्णधवल दिसत राहतो, रॉमध्ये रंग शाबूत. नुसता मोनोक्रोम जेपेग असेल तर त्यातून कोबा आणि बोका वेगळे करायला काही मार्ग उरत नाही.

ग्रेनबद्दल थोडक्यात. ट्राय-एक्स किंवा एचपी५ या ४०० स्पीडच्या फिल्मचा ग्रेन आणि मोबाइलचा अंधारातला नॉइज या निराळ्या गोष्टी. फिल्मचा ग्रेन मधल्या राखाडीत जास्त जाणवतो आणि एकसारखा असतो. नॉइज सावल्यांत ठिपक्यांचे पुंजके करतो. नॉइज लपवायला वरून ग्रेन भुरभुरला तर सराईत बघणाऱ्याला दोन्ही दिसतात.

एक नव्हे, तीन फ्रेम

कॅन्डिडमध्ये निम्मं काम निवडीचं. त्याच दहा सेकंदांत पंधरा-वीस फ्रेम झालेल्या असतात आणि आपण जिच्यावर काम केलं तीच योग्य होती असं नसतं. फिल्मच्या काळी ३६ फ्रेमचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून ८ × १० इंची कागदावर कॉन्टॅक्ट शीट काढायचे, ते याचसाठी: सगळं एकदम, लहान आकारात, एका नजरेत. तेच आता करता येतं. फ्रेम छोट्या करून एका पानावर मांडा, तीन निवडा, तिन्हींवर सारखंच आणि कमीत कमी काम करा, आणि "यातली कोणती?" हा पहिला प्रश्न ठेवा. त्यांना १, २, ३ असे आकडे देऊ नका, एक म्हणजे पहिला नंबर असं मनात बसतं. क, ट, म अशी सुटी अक्षरं द्या आणि प्रत्येक माणसाला दाखवताना क्रम बदला.

फाइल कशी पाठवावी

मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, फरचे बारीक केस एकमेकांत मिसळतात, आणि "शार्प नाही" हा अभिप्राय तुमच्या फोटोवर नसून ॲपच्या कॉम्प्रेशनवर येतो. लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), जेपेग क्वालिटी ९० च्या आसपास, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंटसोबत फाइलमधली सगळी माहिती जशीच्या तशी जाते. फोनचं लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही जातो. एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाका.

बघणाऱ्याला आधी दोन गोष्टी सांगा: रात्रीचा पिवळा मोड बंद कर, आणि उन्हात उभा राहून बघू नको. पिवळ्या मोडमध्ये कृष्णधवल फोटो जुन्या अल्बमसारखा दिसतो आणि "सेपिया छान दिलाय" अशी दाद मिळते.

प्रिंट दाखवता आली तर उत्तमच. प्रिंट हातात आली की माणूस जास्त वेळ बघतो, बोटाने दाखवून बोलतो, आणि झूम करून मिशा मोजत बसत नाही. ८ × १२ इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात तेवढे असतात. दोन अडचणी येतात. पडदा पूर्ण उजळ ठेवून एडिट केलेलं असतं, त्यामुळे प्रिंट गडद येते. पडदा १०० ते १२० निट्सच्या (निट म्हणजे उजळपणाचं एकक) आसपास, म्हणजे चांगल्या उजेडाच्या खोलीत पांढऱ्या कागदाइतकाच उजळ, ठेवून काम करावं. दुसरी म्हणजे नेहमीच्या लॅबमध्ये कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच निघतो आणि त्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येते. आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढून खिडकीच्या उजेडात बघा, झाक असेल तर लॅबवाल्याला दाखवून दुरुस्त करून घ्या, मग मोठी काढा. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे आणि दिव्याचं प्रतिबिंब, आणि माणूस प्रिंट तिरपी करकरून बघत बसतो.

कोणाला विचारायचं

प्राण्याला ओळखणारा माणूस या कामाला बाद. तो फोटोत नसलेल्या गोष्टीही बघतो: बोक्याचं लाडिकपण, गेल्या वर्षीचं त्याचं आजारपण. पाच माणसं पुरतात, पण ती एकाच पठडीतली नकोत. एक-दोन फोटोग्राफीतले जाणकार हवेत, त्यातही स्वतः प्रिंट काढणारे. त्यांची नजर टोनवर, म्हणजे उजळ-गडद छटांवर, जाते. एक-दोन अगदी सामान्य बघणारे, शक्य तर त्यातलं एक लहान मूल. आणि एक प्राण्यांचं वागणं कळणारा: व्हेट, ट्रेनर, निवारा केंद्रात काम करणारा कोणी.

हा शेवटचा माणूस लोक हमखास विसरतात, आणि फजिती तिथेच होते. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतोय, ओठ मागे ओढलेले, आणि आपण "हसतोय बघ" म्हणतो. प्रत्यक्षात झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना ओठांवर फिरणारी जीभ, मागे चिकटलेले कान, तोंड एकीकडे आणि डोळे दुसरीकडे वळल्यामुळे दिसणारी डोळ्याच्या पांढऱ्याची चंद्रकोर, ही कुत्रा अस्वस्थ असल्याची चिन्हं आहेत. कृष्णधवलमध्ये नेमकी तीच चंद्रकोर सगळ्यात उजळ ठरते आणि नजर तिथेच जाते. सामान्य माणूस म्हणतो "डोळे बोलके आहेत", जाणकार म्हणतो "याला सोडा आता."

फोटोची उंची हा असाच एक मुद्दा, जो जाणकारच काढतात. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत प्राणी जमिनीवरचा डाग होतो. छायाचित्रकार एलियट अर्विट यांचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला फोटो आठवा: टोपी घातलेला इवलासा चिवावा, शेजारी एका बाईचे बूट आणि ग्रेट डेनचे उंचच उंच पुढचे पाय. कॅमेरा चिवावाच्या पातळीवर उतरवल्यामुळेच त्यातली गंमत दिसते. आपल्या बोक्याचा फोटो ज्याने मांडी घालून काढला त्याने अर्धी बाजी मारली. पालथं पडून काढला असता तर उंबऱ्याची कड बोक्याच्या पोटाखाली गेली असती आणि उचललेला पंजा उन्हात सुटा दिसला असता.

विचारायचं कसं

आधी गोष्ट सांगू नका. "अरे, त्याने पाल बघितली होती, मी पळत कॅमेरा आणला…" एवढं ऐकलं की बघणाऱ्याला फोटोत पाल दिसायला लागते. शीर्षक नको, कॅमेऱ्याचं नाव नको, "अजून शिकतोय हं" ही माफीही नको. माफी मागितली की समोरचा धीर देतो, मत देत नाही. दहा सेकंद गप्प बसा. मेसेजने विचारायचं असेल तर हा मजकूर चालतो:

"फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय. आधी झूम न करता दहा सेकंद बघ, मग या क्रमाने उत्तर दे.
१. नजर आधी कुठे गेली? नंतर कुठे?
२. इथे काय चाललंय असं वाटतं?
३. कुठला भाग बोटाने झाकला तर काही बिघडत नाही?
४. कुठे काय आहे ते कळत नाही, अशी जागा आहे का?
आवडला की नाही ते सांगू नकोस. उपायही नको, फक्त काय खटकतं ते सांग."

शेवटची ओळ मोलाची आहे. तिसरा प्रश्नही साधा दिसतो, पण फोटोत कशाची अडगळ झाली आहे ते त्यातूनच बाहेर येतं. रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही शेजारी ठेवून "कोणता बरा?" विचारायचं असेल तर ते सर्वांत शेवटी, कारण आधी रंगीत दाखवला की नजर बोक्याचा तांबडा रंग विसरत नाही, आणि कोब्यात विरलेले पायही तिला दिसत राहतात.

मोठ्या माणसांना असं क्रमवार विचारणं अवघड वाटतं. तिथे प्रिंट हातात द्यावी आणि "काका, यात काय चाललंय?" एवढंच विचारून ऐकत राहावं. बोट कुठे जातं ते बघावं.

उत्तरांचा अर्थ लावणं

समजा आपल्या फोटोवर ही पाच उत्तरं आली. शेजारच्या काकू: "मागची कळशी काय लखलखतेय!" एक फोटोग्राफर: "डावीकडे रिकामं फार आहे, तिथून काप." दहा वर्षांची मुलगी: "याचे मागचे पाय कुठे गेले?" व्हेट: "घाबरलेला नाही, कान पुढे आहेत, कशावर तरी डोळा आहे. शेपूट पूर्ण असती तर नक्की सांगितलं असतं." फोटो क्लबातले एक ज्येष्ठ: "पंजा सॉफ्ट आहे."

काकूंनी कौतुक केलं, पण सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. बोक्याच्या फोटोत कळशीची वाहवा होत असेल तर नजर कोपऱ्यात जाऊन अडकते आहे. फोटोग्राफरने दोष आणि उपाय एकत्र सांगितले, आणि इथे जपून. त्याला डावीकडे काहीतरी सलतं, हे खरं धरायचं. कापायचं, हे लगेच खरं धरायचं नाही. बोका डावीकडे बघतोय, त्याच्या नजरेला ती जागा हवीच. ती रिकामी वाटते, कारण उजवीकडची कळशी नजरेला सारखी मागे ओढते आणि बोका बघतो त्या बाजूला ती जातच नाही. म्हणजे काकू आणि फोटोग्राफर एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. मुलीने टोनची चूक पकडली: लाल-नारिंगी स्लायडर अजून पुरेसे वेगळे झालेले नाहीत. शेपटीचं आता काही होणार नाही. दुसऱ्या एखाद्या फ्रेममध्ये ती पूर्ण असेल तर ती उघडून बघा. पंज्याचं म्हणणं बरोबर आहे, पण ते सोडून द्यावं. एफ २.८ ला दीड मीटरवर साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास फोकस मिळतो, पंजा त्याच्या जरा पुढे आलाय. डोळा स्वच्छ असताना पुढे पडणारा पंजा किंचित मऊ असला तर चाल जाणवते.

एकाच जागेवर पाचांतल्या दोघा-तिघांचं बोट पडलं तर तिथे काम करायचं, शब्द कितीही वेगळे असोत. एकट्यानेच काढलेला मुद्दा आपल्याला पटला तर घ्यायचा, नाहीतर नाही. लिहून ठेवताना दोन रकाने करा: काय खटकलं, आणि त्यांनी काय सुचवलं. पहिला रकाना भरवशाचा. दुसऱ्यातलं निम्मं गाळावं लागतं.

आणि ऐकताना वाद नको. "नाही, पण तिथे भिंत होती ना" हे स्पष्टीकरण फोटोला चिकटवून पाठवता येत नाही. एकदा बचाव केला की पुढच्या वेळी ते काका "छान आहे" म्हणून मोकळे होतात.

दुरुस्ती आणि दुसरी फेरी

कळशी उजवीकडून कापून टाकावी असं वाटेल, पण मग शेपटीचं उरलंसुरलंही जाईल. त्यापेक्षा बर्न करा, म्हणजे तेवढाच भाग गडद करा: मऊ कडेचा ब्रश, एक्स्पोजर उणे ०.३ च्या आसपास, दोन-तीन हात हळूहळू, कळशी मागच्या भिंतीइतकी शांत होईपर्यंत. तिरीप २५५ ला पोचलेली असेल तर तिथे तपशीलच नाही. गडद केली की राखेसारखा चट्टा उठतो. मग हीलिंग ब्रशने आजूबाजूचा पत्रा आणून तो ठिपका लहान करावा लागतो. घरच्या भिंतीसाठी हे चालतं. वृत्तछायाचित्राच्या किंवा डॉक्युमेंटरीच्या कामात चालत नाही, तिथे कळशी जशी आहे तशीच ठेवावी.

डोळा थोडा डॉज करा, म्हणजे तेवढाच उजळा, अधिक ०.३ पर्यंत. त्याहून जास्त केलं की डोळे आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. पाळीव प्राण्यांच्या फोटोंत सर्वांत जास्त सापडणारा एडिटिंगचा दोष हाच.

झालं की फोटो उलटा करून, म्हणजे वरची बाजू खाली करून बघा. बोका ओळखीचा राहत नाही, नुसते उजळ-गडद आकार राहतात, आणि अजून कुठे काही टोचतंय का ते कळतं. मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. त्या आकारातही उचललेला पंजा आणि कान वाचता आले पाहिजेत.

दुसऱ्या फेरीला नवी माणसं घ्या. पहिल्या पाचांना आता कळशी माहीत आहे, ती गेलीय का एवढंच ते तपासतील. नव्यांपैकी कोणाच्याही तोंडी कळशी आली नाही आणि पायांबद्दल कोणी विचारलं नाही, की काम झालं. तिसरी फेरी सहसा करू नये. लोक मग खटकायला काहीतरी शोधून काढतात.

क्लब आणि सलोन

अनोळखी आणि कडक मत हवं असेल तर फोटो क्लबात जावं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. इतर शहरांतही क्लब आहेत. आधी एक-दोन वेळा नुसतं ऐकायला बसावं, म्हणजे तिथली बोलण्याची रीत कळते. सलोनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, पाठवायचा असेल तर दोन नियमांत फोटो हमखास अडकतो. फियाप या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येप्रमाणे एकाच रंगाची झाक पूर्ण फोटोला दिली तर तो मोनोक्रोमच राहतो, पण कृष्णधवल कुत्र्याची जीभ तेवढी लाल ठेवली की तो रंगीत विभागात जातो. आणि पाळीव प्राणी नेचर विभागात चालत नाहीत, मग फोटो रानात काढलेला का असेना. मांजर म्हणजे प्राणी, प्राणी म्हणजे निसर्ग, असं धरून पाठवलेला फोटो बाद होतो आणि गुणपत्रिकेत त्याचं कारण लिहिलेलं नसतं. ओपन मोनोक्रोम हाच त्याचा विभाग.

सलोनचे गुण हे अभिप्राय म्हणून फारच तोकडे. परीक्षक फोटो काही सेकंद बघतात आणि आकडा देतात. त्या आकड्यातून एवढंच कळतं की फोटो पहिल्या नजरेत पोचला की नाही. का, हे हवं असेल तर प्रिंट घेऊन समोर बसावं लागतं.

त्या प्रिंटच्या मागे तारीख आणि कोणती आवृत्ती ते लिहून ठेवा, नाहीतर चार महिन्यांनी कळशीवाली कोणती आणि दुरुस्त केलेली कोणती हे ओळखताना पंचाईत होते. लॅबच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनने दाबून लिहिलं तर अक्षरं पुढच्या बाजूला फुगतात, नेमकी बोक्याच्या पाठीवर. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, कोपऱ्यात लिहा, आणि शाई वाळेपर्यंत दुसरी प्रिंट वर ठेवू नका.